दम्याची औषधे नियमित चालू असूनही धाप लागत राहते, तर कारण कसे शोधावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ४६ आहे, दम्याचे निदान होऊन बरीच वर्षे झाली, पंप रोज घेता, डोस दोनदा वाढवून झाला, तरीही जिना चढताना आणि कधी कधी बसल्या जागीही दम लागतो. मी छातीविकारांचा डॉक्टर आहे आणि हीच तक्रार रोज ऐकतो. माझे मत असे की डोस तिसऱ्यांदा वाढवण्याआधी, प्रत्यक्ष धाप लागलेली असताना तुमच्या श्वासनलिका खरोखर आवळलेल्या असतात का, हे मोजले पाहिजे. दमेकऱ्याची प्रत्येक धाप दम्याचीच, असे धरून चालल्यामुळे अनेकांची वर्षे चुकीच्या उपचारात जातात.

हे मोजण्यासाठी पीक फ्लो मीटर नावाचे, फुंकलेली हवा किती वेगाने बाहेर पडते ते दाखवणारे छोटेसे, काही शे रुपयांत मिळणारे उपकरण पुरते. उभे राहून छाती भरून श्वास घ्यायचा, ओठांनी नळी घट्ट धरायची आणि एकच जोरदार फुंकर मारायची. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. दोन आठवडे हे सकाळ-संध्याकाळ करा, आणि धाप लागेल त्या वेळी, पंप घेण्याआधी, आणखी एकदा. दिवसभरातला चढउतार सरासरी १० टक्क्यांहून जास्त असेल, किंवा धापेच्या वेळी आकडा स्पष्टपणे खाली येत असेल, तर दमा आटोक्यात नाही. दम मात्र भरपूर लागला आहे आणि आकडा नेहमीइतकाच आहे, असे वारंवार दिसले तर कारण बहुधा दुसरीकडे आहे. दवाखान्यातली फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, हवीच. त्यात औषध दिल्यानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याला पुष्टी मिळते. पण ती चाचणी बऱ्या दिवशी केलेली असेल तर नॉर्मल येऊ शकते, म्हणून घरच्या वहीला मी इतके महत्त्व देतो.

मूळ निदानही एकदा पडताळून घ्यावे. कॅनडातील एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी दमा असल्याचे सांगितलेल्या ६१३ प्रौढांची औषधे देखरेखीखाली कमी करत त्यात पुन्हा चाचण्या घेतल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये दमा आढळलाच नाही. हे वाचून स्वतःहून पंप बंद करू नका; ती पडताळणी डॉक्टरांसमोरच व्हायला हवी.

आकडा खरोखर खाली येत असेल, तर आधी औषध फुप्फुसापर्यंत पोहोचते का ते पाहा. कॅप्सूलचा पंप खोल आणि जोराने ओढावा लागतो. ओढून झाल्यावर आत पूड उरलेली दिसत असेल, तर तितके औषध तुम्हाला मिळालेले नाही. काही जण आधी त्यातच श्वास सोडतात, मग पूड ओलसर होऊन चिकटते. फवाऱ्याचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरा. त्यानंतर औषधांची यादी तपासा : २०१९ पासून दम्यावरील जागतिक मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलवर राहू नये, पंपात स्टिरॉइड असायलाच हवे. रक्तदाबासाठीच्या बीटा ब्लॉकर गोळ्या, इतकेच नव्हे तर काचबिंदूसाठी घातलेले टिमोलॉलचे थेंबसुद्धा, श्वासनलिका आवळू शकतात. डोळ्याच्या थेंबांचा उल्लेख छातीच्या डॉक्टरकडे सहसा कोणी करत नाही. तुम्ही जरूर करा. नाकात कोंब वाढलेले असतील, वास येईनासा झाला असेल आणि अॅस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकानंतर दमा उसळत असेल, तर तेही महत्त्वाचे सूत्र आहे.

आपल्या देशात एका कारणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते, ते म्हणजे अॅस्परजिलस या बुरशीची अॅलर्जी. या बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात; काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत ती ठाण मांडते आणि शरीर तिच्याविरुद्ध इतकी तीव्र प्रतिक्रिया देते की नळ्या कायमच्या रुंदावतात. खोकल्यातून तपकिरी, घट्ट गुठळ्या पडतात आणि एक्स-रेवर डाग दिसतात. ते डाग क्षयाचे समजून, थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही क्षयाची औषधे सुरू झालेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण सुरुवातीची तपासणी साध्या रक्ताची असते : अॅस्परजिलसविरुद्धचे विशिष्ट आयजीई (अॅलर्जीत रक्तात वाढणारे प्रथिन), एकूण आयजीई आणि इओसिनोफिल या अॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी. एकूण आयजीई ५०० युनिटच्या वर आणि विशिष्ट आयजीई वाढलेले असेल, तर छातीचा सीटी स्कॅन करून निदान पक्के करता येते. उपचार वेगळा आहे, स्टिरॉइडच्या किंवा इट्राकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात; नुसता पंप वाढवून हा आजार आवरत नाही.

कामाच्या जागेचाही विचार करा. बेकरीतले पीठ, गाड्यांच्या स्प्रे पेंटमधली आयसोसायनेट रसायने, यंत्रमागावरची कापसाची धूळ यांनी दमा होतो किंवा बळावतो, आणि सुट्टीवर गेल्यावर पीक फ्लो सुधारत असेल तर वही ते दाखवून देते. घराच्या गच्चीत कबुतरे असतील, कोरडा खोकला आणि धाप हळूहळू वाढत असेल, तर तो दमा नसून पक्ष्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीमुळे फुप्फुसालाच आलेली सूज असू शकते. तिच्यासाठी एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, आणि वायूची देवाणघेवाण मोजणारी चाचणी लागते.

आता आकडा नेहमीइतका असताना लागणारी धाप. श्वास सोडण्यापेक्षा आत घेताना अडतो, घसा आवळल्यासारखा होतो आणि पंपाने काडीचाही फरक पडत नाही, अशी तक्रार असेल तर श्वास घेताना स्वरतंतू उघडण्याऐवजी मिटत असण्याची शक्यता असते. त्रास चालू असताना दुर्बिणीने घसा पाहिला तरच हे नक्की कळते, आणि यावरचा उपचार वाचा-उपचारतज्ज्ञ शिकवतात. आडवे पडल्यावर धाप वाढणे, पायावर सूज, धडधड ही हृदयाची लक्षणे आहेत. ईसीजी आणि टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, विशेषतः लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला असेल तर. हिमोग्लोबिन जरूर पाहा, कारण ते कमी असले तरी दम लागतो. वाढलेले वजन आणि घोरणे यांचाही वाटा असतो. घरघर एकाच बाजूला ऐकू येत असेल, तर नळीत अडकलेला सुपारीचा तुकडा, क्षयाने अरुंद झालेली नळी किंवा गाठ वगळण्यासाठी ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने श्वासनलिका आतून पाहण्याची तपासणी, करावी लागते.

पुढच्या भेटीला दोन आठवड्यांची वही, सगळे पंप, डोळ्यांच्या थेंबांसह सगळी औषधे आणि जुने एक्स-रे घेऊन जा, आणि डॉक्टरांसमोर पंप ओढून दाखवा. मात्र एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर होत असतील, ऑक्सिजन ९२ च्या खाली असेल, किंवा एकाएकी धाप लागून छातीत दुखत असेल व एक पाय सुजला असेल, तर वहीत काही लिहीत बसू नका. त्याच क्षणी १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.