चोरलेलं चित्र चोर विकतो तरी कुणाला?

प्रश्न: जुन्या चर्चमधनं शेकडो वर्षांपूर्वीची चित्रं, मूर्ती चोरीला जातात असं वाचण्यात येतं. अख्ख्या जगाला माहीत असलेलं चित्र चोर विकतो तरी कुणाला? आणि परत मिळतं का ते?

उत्तर: गाजलेलं चित्र उघडपणे विकता येत नाही हे खरं, पण म्हणून ते परत मिळतं असं नाही हो. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये इटलीत पालेर्मोच्या सान लोरेन्झो प्रार्थनागृहातनं जुना नामवंत चित्रकार काराव्हाज्जो याचं येशूजन्माचं चित्र गेलं, साधारण पावणेतीन मीटर उंचीचा कॅनव्हास चोरांनी फ्रेममधनं चक्क कापून काढला आणि आजपर्यंत त्याचा पत्ता नाही. मला त्या कापण्याचाच जास्त त्रास होतो, कारण एवढा जुना रंग कडक झालेला असतो, गुंडाळी केली की तडकतो, पोपडे सुटतात, म्हणजे उद्या सापडलं तरी कितपत शाबूत असेल कोण जाणे.

आणि बारक्या वस्तूंचं तर कुणी नावही घेत नाही. वेदीवरचा हातभर उंचीचा लाकडी देवदूत, चांदीचा प्याला, दिवसा दार उघडं आणि आत चिटपाखरू नाही, बॅगेत टाकलं की झालं! दोन-तीन हात बदलले की तीच वस्तू दुकानात ‘जुन्या घरातली’ म्हणून उभी, आणि फोटोच नसेल तर ती आपली हे सिद्ध कसं करणार?

फोटो असला की काय होतं ते सायप्रसच्या कानाकारिया चर्चने दाखवलं. १९७४ नंतर तिथली सहाव्या शतकातली मोझेइकं, म्हणजे रंगीत बारके तुकडे जडवून केलेली चित्रं, भिंतीवरनं उखडून नेली, १९८८ मध्ये अमेरिकेतल्या एका डीलरने त्यातले चार तुकडे दहा लाख डॉलरच्या वर पैसे मोजून घेतले, पण त्यांचे फोटो आधीच पुस्तकात छापलेले होते त्यामुळे विकायला काढल्यावर ओळखले गेले. १९८९ मध्ये इंडियानापोलिसच्या कोर्टाने निकाल चर्चच्या बाजूने दिला, चोराकडे मालकी नव्हतीच तर पुढच्याला कुठून मिळणार!

म्हणून वस्तू जागेवर आहे तोवरच फोटो काढा, पुढून, मागून, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि मोडलेलं बोट, किडीची भोकं, जुनी डागडुजी हे अगदी जवळून घ्या, कारण सारख्या दिसणाऱ्या दहा मूर्तींतली आपली कुठली ते ह्याच खुणांवरनं कळतं. पालेर्मोत २०१५ मध्ये त्या रिकाम्या जागी चित्राची हुबेहूब प्रत लावली, तीसुद्धा जमली ती चोरीच्या आदल्या वर्षी कुणीतरी काढून ठेवलेल्या रंगीत स्लाइडमुळे.