'रिप्रेझेंटेशन'ला प्रतिनिधित्व म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की 'ल दझिएम आक्त' म्हणजे 'दुसरा अंक' या फ्रेंच सिनेमावर लिहिताना 'डायव्हर्सिटी' आणि 'रिप्रेझेंटेशन'ला 'विविधता' आणि 'प्रतिनिधित्व' चालेल का. चालेल की, पण मला तरी ते वाचून २६ जानेवारीचा चित्ररथ आठवतो.

प्रतिनिधी म्हणजे आपल्या जागी पाठवलेला माणूस, त्याला कुणीतरी निवडलेलं असतं. नटाला फक्त रोल मिळालेला असतो. आणि इंग्रजी शब्दात दोन गोष्टी एकत्र कोंबल्यात, काम कोणाला मिळालं आणि कोणाला कसं दाखवलं. दुसरीला 'चित्रण' आहेच. पहिलीला मी सरळ 'वाटा' म्हणेन, भूमिका 'वाट्याला आली' असं आपण म्हणतोच ना!

आता हाच सिनेमा घ्या, २०२४च्या कान महोत्सवाची सुरुवात याने झाली होती. लुई गारेल आणि राफाएल कनार हे नट यात शूटिंग करणारे नटच झालेत, दोघं रस्त्याने चालत बोलतायत, कॅमेरा सोबत सरकतोय, कनार ट्रान्स लोकांवर काहीबाही बोलून जातो आणि गारेल घाबरतो की अरे शूटिंग चालू आहे, गप्प बस. सगळी धडपड जीभ सांभाळायची, पण ज्यांच्यावरून ही धडपड चाललीये त्यांच्यातलं कोणी फ्रेममध्ये नाहीच आणि पाचही मुख्य नट गोरे. म्हणजे उल्लेख भरपूर, वाटा शून्य. दिग्दर्शक द्युपिए यांनी हे मुद्दाम केलंय असं म्हणतात, मला तो विनोद अर्धाच पटला.

गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये 'रप्रेझांतास्यों'चा एक अर्थ नाटकाचा प्रयोग असाही होतो. आणि गोऱ्या नसलेल्या माणसाला तिकडे आडून 'विविधतेतून आलेला' म्हणतात, आता एकटा माणूस विविध कसा असेल? म्हणून मी 'विविधता' टाळून 'सगळ्या तऱ्हेची माणसं' लिहीन.

तिकडेच, फ्रान्समध्ये, २०१८ मध्ये आयसा माइगा आणि आणखी १५ कृष्णवर्णीय अभिनेत्रींनी मिळून पुस्तक काढलं, नावाचा अर्थ साधारण 'काळी असणं हा माझा पेशा नाही'. त्याच त्या ठरावीक भूमिका मिळतात ही त्यांची तक्रार, त्यात वाटाही आला आणि चित्रणही. तिथे नुसतं 'प्रतिनिधित्व' लिहिलंत तर निम्मी तक्रार गळून जाते.

आणि कोणीतरी खाली कमेंटमध्ये 'टोकनिझम', म्हणजे नुसतं दाखवायला एखाद्याला घेणं, याला काय म्हणायचं ते विचारलंय, त्याला नवा शब्द कशाला पाडायचा? 'तोंडी लावण्यापुरता' आहे की. ताटात डावीकडे, लोणच्याशेजारी.