रिपीटचं नंतर बघू, आधी मुलीजवळ बसा

मुलीला नीटसाठी आणखी एक वर्ष द्यावं की बी.एस्सी.ला घालावं, असं तुम्ही विचारलंय. दोन पानांच्या पत्रात दीड पान मार्क, टेस्ट सिरीज आणि क्लासच्या फीचं आहे. मला हादरवलं ते शेवटच्या चार ओळींनी. ती रात्र रात्र जागी असते, जेवण तुटलंय, जिवापाड जपलेली रंगांची पेटी तिनं मावसबहिणीला देऊन टाकली आणि फीचा विषय निघाल्यावर म्हणाली, ‘पुढच्या वर्षी माझ्यासाठी पैसे भरायची वेळच येणार नाही.’ त्यावर तुमचा शेरा: ‘अभ्यास टाळायची नाटकं.’

नाटकं नाहीत हो ही, निरवानिरव वाटतेय. म्हणून हे उत्तर तुम्हाला आधीच ईमेलनं पाठवलंय. इथे देतोय ते अशाच इतर घरांसाठी.

नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची वरची अट नाही. करिअरबद्दल आज एवढंच.

आता तिच्याजवळ जाऊन बसा आणि सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का तुझ्या?’ वाचूनच पोटात गोळा आला असेल. नसलेला विचार आपणच तिच्या डोक्यात घालू, ही भीती कितीतरी आईबापांना असते आणि ती चुकीची आहे. विचारल्यानं विचार पेरला जात नाही, उलट कोंडलेलं बोलायला वाट मिळते, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. घोळ होतो तो आडून विचारण्यात. ‘तू असलं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ म्हटलं की मूल ‘नाही’ म्हणून मोकळं होतं, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय हे त्याला कळतं. ती ‘हो’ म्हणाली तर मध्ये न बोलता ऐका. ‘आम्ही तुला काय कमी केलं?’ हे वाक्य गिळा. ‘कुणाला सांगू नका’ अशी शपथ तिनं घातली, तर ती पाळता येणार नाही हे तिला तोंडावर सांगा.

ती हो म्हणो वा गप्प राहो, तिला एकटी सोडू नका, रात्रीसुद्धा. घरातली औषधं, कीटकनाशकं, इजा होईल अशा वस्तू कुलपात ठेवा. टोकाची उबळ बऱ्याचदा ओसरते. तेवढा वेळ हाताशी साधन नसलं तर जीव वाचू शकतो.

मग आजच १४४१६ लावा. टेलि-मानस ही केंद्र सरकारची २०२२ पासूनची मानसिक आरोग्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मराठीतही. ती बोलायला तयार नसेल तर तुम्ही बोला, पालकांनी फोन केलेला चालतो. शक्य तितक्या लवकर सायकियाट्रिस्टलाही दाखवा. मात्र तिनं काही करून घेतलं असेल किंवा त्या बेतात असेल, तर हेल्पलाइनवर वेळ घालवू नका. थेट ११२ किंवा जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. पोलीस केसच्या धास्तीनं घरात बसून राहू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा जीव द्यायचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असं गृहीत धरतो आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा करू नये असं सांगतो.

‘डॉक्टरकडे नेलं तर शिक्का बसेल’ असंही तुम्ही लिहिलंय. उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्याच कायद्यानं दिलाय. आणि स्पष्टच बोलायचं तर ‘नाटकं’ हा शिक्का डॉक्टरांनी मारलेला नाही.

क्लासची फी भरायची शेवटची तारीख तुम्ही अधोरेखित केली आहे. ती जाऊ द्या. तिला बरं वाटायला लागलं, पुढचं बोलावंसं वाटलं, की मला पुन्हा लिहा. फक्त ते पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.