ताई, बँकेचे मेसेज कधीपासून बंद आहेत?

प्रश्न : मावशी, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मुलगा 24 वर्षांचा. आधी रमीत पैसे घालवायचा, सरकारनी ते ॲप बंद केलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. आता म्हणे टेलिग्रामवरून आयडी घेऊन क्रिकेटवर सट्टा लावतो. मी 12 जणींची भिशी सांभाळते पण बँकेचं मला कळत नाही. त्याच्या मित्राला खातं हवं होतं म्हणून माझं कार्ड-पासबुक मुलाकडेच असतं, हल्ली मेसेजही येत नाहीत. सरकारनी अजून कडक बंदी घातली तर सुटेल का हो तो?

उत्तर : ताई, मुलाचं राहू दे जरा बाजूला. मेसेज येत नाहीत हे तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि माझा जीव तिथेच अडकलाय. बँकेचे मेसेज असे सहसा आपोआप बंद होत नाहीत हो, बहुतेक खात्याला लावलेला मोबाईल नंबरच बदललाय, म्हणजे ओटीपी दुसऱ्याच्या हातात.

बंदीचं विचारता तर तिचा उपयोग झालाय. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनी कायदा केला, खेळ नशिबाचा असो की डोक्याचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवायचा नाही, आणि काही दिवसांतच मोठमोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले, ड्रीम इलेव्हनचं नाव आपल्या टीमच्या जर्सीवरून गेलं. तुमच्या मुलाची रमी त्यातच गेली. पण जे परदेशात बसून सट्टा चालवतात त्यांची एक लिंक ब्लॉक केली की दुसरी येते. सट्ट्याचं महादेव ॲप सरकारनी 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ब्लॉक केलं, सट्टा चालूच आहे.

मात्र एक गोष्ट त्यांना इथलीच लागते, पैसे घ्यायला खातं. स्वतःच्या नावावर उघडपणे घेता येत नाहीत म्हणून साध्या माणसांची खाती भाड्यानी घेतात, कुणाच्या आईचं, कुणाच्या आजोबांच्या पेन्शनचं, दुपारी भलत्याच लोकांचे पैसे त्यात येतात आणि संध्याकाळपर्यंत पुढे गेलेले असतात. म्यूल खातं म्हणतात त्याला. सरकारची बंदी जिथून फुटते ना ताई, ती जागा कदाचित तुमचंच पासबुक आहे. आणि या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण असे व्यवहार करून देणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही आहे. खात्यावर नाव तुमचं आहे, पोलीस आधी तुम्हालाच विचारणार.

12 जणींच्या भिशीत एक रुपया इकडचा तिकडे होऊ न देणारी बाई मला सांगते बँकेचं कळत नाही? हे मी ऐकून घेणार नाही. तुम्हाला बघायचं नाहीये, कारण बघितलं की मुलाला विचारावं लागेल.

उद्या बँक उघडली की जा. एकट्या जा, आधार कार्ड घेऊन, त्याला न सांगता. कार्ड बंद करा, तुमचा नंबर परत लावून घ्या, सहा महिन्यांचं स्टेटमेंट छापून मागा, काउंटरवरचा मुलगा उद्या या म्हणाला तरी हलू नका. अनोळखी नावं दिसली तर तिथेच मॅनेजरला लेखी द्या, शिक्का मारून पोच घ्या आणि सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा.

मुलगा घरी आरडाओरडा करेल, रडेलसुद्धा. त्याला गरम पोळी वाढा, 14416 या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला तुम्ही स्वतः नंबर लावून फोन त्याच्या हातात द्या, तिथे या सवयीबद्दल बोलता येतं, फुकट. कार्ड मात्र परत देऊ नका. आणि स्टेटमेंट हातात आलं की मला लिहा, मी वाट बघतेय.