मुलाला चाई पडली आहे. मुंबईत उपचार कुठे घ्यावेत, आणि शाळेतल्यांची भीती कशी घालवावी?

रुपयाएवढ्या चाईमुळे तुमच्या लेकाला वर्गात वेगळं बसवतात, हे वाचून पोटात तुटलं. नववीत असताना मलाही चाई पडली होती. पहिल्यांदा दिसली ती पार्लरवाल्या ताईंना. त्यांनी कंगवा बाजूला ठेवला नि आईला म्हणाल्या, "कीड लागलीय, बाकीच्या पोरींना लागेल." मग घरी लसूण चोळणं सुरू झालं. कातडी भाजली, केस काही आले नाहीत.

चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. आपलीच रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते आणि केस गळतात. मुळं मात्र मरत नाहीत, म्हणून केस परत येऊ शकतात. लहान चाई पुष्कळदा वर्षभरात आपणहून भरते. पण मुलांच्या डोक्यात नायटाही होतो, आणि तो लागतो. त्यात बहुधा खवले दिसतात, केस तुटलेले असतात. चाईची जागा गुळगुळीत असते. तरी हा निवाडा घरी करू नका.

परळचं केईएम, शीवचं टिळक रुग्णालय, मुंबई सेंट्रलचं नायर, जे जवळ पडेल तिथे केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवा. लहान मुलांना बहुधा आधी लावायचं औषध देतात. मला चाईतच स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, दर चार ते सहा आठवड्यांनी. फार केस गेलेल्या मोठ्या माणसांसाठी बॅरिसिटिनिबच्या गोळ्याही आहेत. अमेरिकेत त्यांना 2022 मध्ये मंजुरी मिळाली. त्या सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात, त्यामुळे कुणाचं ऐकून दुकानातून आणू नका.

निघताना डॉक्टरांकडून 'हा आजार संसर्गजन्य नाही' असं लिहून घ्या आणि वर्गशिक्षकांना स्वतः भेटून द्या.

माझ्यासोबत रांगेत कसारा, पालघरहून आलेल्या बायका असायच्या. एका इंजेक्शनपायी दिवसाची मजुरी बुडायची. महिन्यातून एकदा तरी तालुक्याच्या रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञ बसायलाच हवेत. आणि डोक्याच्या मागची चाई घरच्यांच्या आधी दिसते ती केस कापणाऱ्याला, म्हणून मी आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्यांना हे सगळं समजावून सांगते. तुमच्या मुलाचे केस कापणाऱ्या दादांनाही सांगा.