बाळाशी लाडानं बोललं तर त्याचं बोलणं बिघडतं का?

"आईंचं दिवसभर 'भूभू', 'मम्मम' चालू असतं. यानं तो पुढे नीट बोलेल ना?" हा प्रश्न मला बरेच तरुण आईबाबा विचारतात. कोथरूडच्या एका घरात तो चांगलाच पेटला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बाळ चौदा महिन्यांचं. आईबाबा हिंजवडीला आयटीत, बाळ आजीजवळ. घरात नियम झाला होता: बाळाशी शुद्ध, पूर्ण वाक्यांत बोलायचं. आजींच्या तोंडून "भुर्र जायचं का रे?" निघालं की सूनबाई म्हणे, "आई, फिरायला म्हणा ना." शेवटी आजी गप्पच राहू लागल्या. "चुकेल म्हणून बोलतच नाही हो मी," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला खरी काळजी वाटली. बाळाच्या कानावर पडणारं बोलणंच आटलं होतं.

माझ्यासमोर आईनं चित्र दाखवलं, "हा कुत्रा आहे. काय आहे? सांग." बाळ मोजा ओढत बसलं. मग आजींनी तेच पान धरलं आणि सूर चढवून, लांबवून म्हणाल्या, "अगं बाई! को-ण आलं? भूभू आला!" बाळ सगळंच्या सगळं वळलं.

हा सूर म्हणजे नुसते लाड नव्हेत. १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन फर्नाल्ड यांना दिसलं, की चार महिन्यांची बाळंही मोठ्यांसाठीच्या बोलण्यापेक्षा असं बोलणं ऐकायला अधिक वळतात. १९९७ मध्ये संशोधक पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, रशिया आणि स्वीडनमधल्या आयांचं बोलणं मोजलं. बाळाशी बोलताना त्यांचे ई, आ, ऊ हे स्वर एरवीपेक्षा जास्त सुटे, ठळक होते. म्हणजे ज्या बोलण्याला आपण अशुद्ध समजतो, त्यात भाषेचे आवाज उलट स्पष्ट ऐकू येतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी तर १९६४ मध्येच मराठी बाळबोलीवर अभ्यासलेख लिहिला होता. आजींचे शब्द अभ्यासकांनी इतक्या गांभीर्यानं घेतले आहेत, हे ऐकून त्या सावरून बसल्या.

भूभू, मम्मम, हम्मा यांत एकच अक्षर दोनदा येतं किंवा ओठांवर सहज येणारे आवाज असतात, म्हणून ते बाळाला लवकर जमतात. मोठा शब्द शेजारी ठेवत गेलं की ते आपोआप मागे पडतात. "हो, भूभू! काळा कुत्रा." एवढं पुरतं. मी नको म्हणते ते वेगळ्याच गोष्टीला: बाळाचे चुकलेले उच्चार त्यालाच परत ऐकवणं. तो 'ताता' म्हणाला तर आपणही 'ताता' म्हणू नये आणि "ताता नाही, काका म्हण" असं टोकूही नये. "हो, काका आले!" म्हणावं. बरोबर शब्द त्याच्या कानावर गेला आणि गप्पाही तुटल्या नाहीत.

सगळ्यात अवघड असतं ते थांबणं. विचारून झालं की आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. मनात पाचपर्यंत मोजा, बाळाकडे बघत राहा. हुंकार आला, बोट दाखवलं, तरी ते उत्तरच. बाबांना असं बोलायची लाज वाटत होती. त्यांना मी अंघोळीची वेळ दिली. तिथे ऐकायला तिसरं कुणी नसतं. आजींवरची बंदी त्याच दिवशी उठली.

बाळ वाढेल तसं आपलं वाक्यही वाढवायचं. त्यानं "भूभू गेला" म्हटलं, की आपण "काळा भूभू पळत गेला". अडीच-तीन वर्षांच्या मुलाशी 'भुर्र'वरच अडकून राहिलं तर त्याला पुढे जायला आपणच जागा देत नाही.

या बाळाचे कान मी तपासून घ्यायला लावले. ऐकू व्यवस्थित येत होतं. तुमचं बाळ हाकेला वळत नसेल, किंवा दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर "आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि श्रवणचाचणी करून घ्या.