मांजर पाणी सांडतं म्हणून वाटी उचलून ठेवू नका

ताई, बाकी सगळं नंतर बोलू, आधी ती वाटी परत खाली ठेवा. आज रात्रीच.

तुम्ही लिहिलंय की बोका आठ महिन्यांचा आहे, मालाडला भाड्याच्या घरात राहता, तो रोज रात्री स्टीलची वाटी पालथी करतो, लाकडी फ्लोअरिंगचे सांधे फुगायला लागलेत आणि घरमालक डिपॉझिट कापायची भाषा करतोय. म्हणून आठवडाभर तुम्ही रात्री दहाला वाटी उचलता, सकाळी सातला ठेवता आणि दिवसाही दोन बोटंच पाणी घालता. हेच मी केलं होतं, २०१६ च्या मे महिन्यात, मुलुंडला. त्यात माझा गोट्या जाता जाता वाचला. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी डॉक्टर नाही. गोट्या आणि त्याच्यानंतर आलेल्या दोन मांजरी, एवढाच माझा अनुभव. तुमच्या बोक्याला आत्ता काही त्रास होत असेल तर हे वाचत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. गोट्याची आवडती जागा म्हणजे खिडकीच्या बाहेर काढलेलं ग्रिल, म्हणून त्याची वाटी मी तिथेच ठेवायचे. रोज ती कलंडायची आणि पाणी खालच्या काकूंच्या दोरीवरच्या कपड्यांवर. एकदा तर त्यांनी खिडकीत वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलं. त्यांचा राग रास्तच होता, मी जाऊन माफी मागितली. पण सोसायटीच्या कमिटीनं जे पत्र दिलं ते मला अजून खटकतं. 'पाळीव प्राण्याचा तातडीने बंदोबस्त करावा' एवढी एकच ओळ. वाटी आत घ्या, खाली ट्रे ठेवा, असं काही सुचवायला कुणी आलं नाही. त्यात एका सभासदानं डेंग्यूचा मुद्दा काढला. त्याचं उत्तर सोपं आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो हे खरं, पण अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. भांडं रोज घासून पाणी बदललं तर तिथे डास होत नाही. आणि कुणी मांजरच काढून टाका म्हणालं, तर केंद्र सरकारच्या प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना वाचून दाखवा. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे त्यात स्पष्ट म्हटलंय. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. मी घाबरले आणि सगळ्यात सोपा वाटला तो उपाय केला. पाणी कमी केलं.

सकाळी ऑफिसला निघण्याआधी अर्धी वाटी ठेवायची, तो प्यायला की उचलायची. संध्याकाळी साडेसातला परत अर्धी वाटी. रात्री काही नाही. खायला नुसतं कोरडं खाणं, त्या पिशवीतल्या गोळ्या. सांडणं थांबलं, काकू शांत झाल्या, आणि मला वाटलं जमलं. असं तीन आठवडे चाललं.

मग एका शनिवारी संध्याकाळी तो रेतीच्या ट्रेमध्ये बसलेला दिसला. उठला, दोन पावलं चालला, परत जाऊन बसला. शेपटी थरथरत होती, तोंडातून बारीक कण्हल्यासारखा आवाज. मी रेती चाळून पाहिली तर लघवीनं होतो तो ओला गोळा एकही नाही. त्याच्या पोटाखाली हात घातला, तर मागच्या पायांच्या पुढे मोसंबीएवढं काहीतरी टणक लागलं आणि तो कधी नाही तो माझ्यावर फिस्कारला.

जवळच्या दवाखान्यात फोन केला. नाव सांगणार नाही, सांगून आता उपयोगही नाही. फोन उचलला तो काउंटरवरच्या माणसानं. मी म्हटलं, सारखा ट्रेमध्ये बसतोय, काही होत नाहीये. तो म्हणाला, 'बद्धकोष्ठ असेल मॅडम, चमचाभर तूप द्या आणि सोमवारी आणा.' बोका आहे की मांजरी, हे विचारलं नाही. शेवटची लघवी कधी केली, हे विचारलं नाही. डॉक्टरांना फोन देता का म्हटलं तर 'डॉक्टर ओपीडीत आहेत'. आणि मी ऐकलं. तूप दिलं. एवढी शिकलेली बाई, पण समोरच्यानं ठामपणे सांगितलं म्हणून रात्रभर वाट बघत बसले. पहाटे त्याला उलटी झाली आणि तो कपाटाखाली जाऊन पडला, तेव्हा मला कळलं की हे तुपाचं काम नाही.

रविवार होता, मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक. टोपली मांडीवर घेऊन रिक्षानं सायनपर्यंत, पुढे रिक्षा जात नाही म्हणून तिथून टॅक्सीनं दुसऱ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, लघवीचा मार्ग बंद झालाय. बोक्यांची मूत्रनलिका फार बारीक असते. लघवी घट्ट झाली की तिच्यात खडे, चिकट गाळ जमतो आणि नळी बुचासारखी बंद होते. मूत्राशय फुगत जातं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्यानं हृदय बंद पडू शकतं. एका-दोन दिवसांत खेळ संपतो. मांजरींची नलिका रुंद असल्यानं त्यांना हे सहसा होत नाही. म्हणून 'बोका आहे का' हा पहिला प्रश्न हवा होता, आणि तो विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. गोट्याला भूल देऊन नळी घातली, तीन रात्री सलाईनवर ठेवलं. खर्च सव्वीस हजार झाला. त्या पैशांचं मला काही वाटत नाही, ती शनिवारची रात्र मात्र अजून जात नाही.

खरं सांगायचं तर मी डॉक्टरांना विचारलं होतं, माझ्या पाणी कमी करण्यानंच हे झालं का? ते म्हणाले, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही. कोरडं खाणं, बोका असणं, घरात बसून आलेलं वजन, तेव्हा इमारतीला रंगकाम चालू होतं त्याचा ताण, सगळंच मिळून. पण यातली एक गोष्ट माझ्या हातात होती आणि तीच मी उलटी केली. मांजरांचे पूर्वज कोरड्या मुलखातले. त्यांना तहान मुळात कमी लागते आणि लघवी ते घट्ट करू शकतात. म्हणजे पाणी नसलं तर ते कुत्र्यासारखे मागायला येत नाहीत, गुपचूप तसेच दिवस काढतात. गोट्यानं तीन आठवड्यांत एकदाही पाण्यासाठी ओरडा केला नव्हता, आणि मी त्याचा अर्थ 'त्याला पुरतंय' असा लावला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, सांडणं थांबवायचं कसं. गोट्या घरी आल्यावर मी दोन रात्री दिवा मंद ठेवून नुसती बघत बसले. तो वाटीपाशी यायचा, मान खाली घालून थबकायचा. मग उजवा पंजा हळूच पुढे करून पाण्यावर टेकवायचा, एकदा, दोनदा. पाणी हललं, त्यावर उजेड चमकला, की मग जीभ लावायचा. पंजा काठाला लागला की हलकी स्टीलची वाटी गुळगुळीत लादीवर वीतभर सरकायची. सरकली की त्याला ती धरायची असायची, आणि धरली की पालथी. मांजराला अगदी नाकासमोरचं, म्हणजे वीत-दीड वीत अंतरातलं, नीट दिसत नाही. चकचकीत भांड्यातलं स्थिर पाणी कुठे सुरू होतं हेच त्याला कळत नाही, म्हणून तो पंजानं चाचपतो. तुमचा बोका मुद्दाम छळत नाहीये. आणि दोन बोटं पाणी ठेवल्यानं त्रास वाढतो, कारण पातळी दर वेळी वेगळी आणि रिकामं भांडं आणखी हलकं. वाटी भरलेली, काठापासून बोटभर खाली, रोज त्याच पातळीला ठेवा.

भांडं जड हवं. रुंद हवं. बूड तोंडाइतकंच पसरट हवं. मी आधी दगडी खल ठेवून पाहिला. हलत नव्हता, पण तोंड अरुंद आणि खोल, मिशा दोन्हीकडे टेकायच्या, त्यानं तोंडच लावलं नाही. मग धारावीच्या कुंभारवाड्यातून मातीचं पसरट परळ आणलं. पाणी गार राहायचं आणि त्याला आवडलंही, पण कच्ची माती पाझरते, खाली सतत ओल. तुमच्या लाकडी फ्लोअरिंगवर ते नकोच. शेवटी कामी आला तो आईचा चिनी मातीचा जाड सट, ती दही लावायची तो. तो काठ असलेल्या परातीत ठेवला आणि परातीखाली न्हाणीघरात घालतात ती रबरी जाळीची मॅट. आता पंजानं कितीही थापट्या मारल्या तरी पाणी जातं ते परातीत. तुमच्या घरमालकाचं फ्लोअरिंग वाचवायला सट आणि परात एवढं पुरे. प्लास्टिकचं भांडं घेऊ नका, हलकं असतं, ओरखडे पडले की त्यात घाण बसते आणि काही मांजरांना त्यानं हनुवटीवर काळे पुरळ येतात. मोटरवर पाणी फिरवणारं मांजरांचं कारंजं घ्या असं तुम्हाला इथे बरेच जण सांगतील. काहींना उपयोग होतो, माझं मत विचाराल तर आधी त्यावर पैसे घालू नका. आमच्याकडे मोटरच्या आवाजाला दोघी घाबरल्या, आणि फिल्टर वेळेवर धुतला नाही तर आत बुळबुळीत थर साचतो.

भांडं एकच ठेवू नका. एक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, एक त्याच्या झोपायच्या जागेजवळ, आणि रेतीच्या ट्रेपासून दोन्ही लांब. कोपऱ्यात, भिंतीला लागून ठेवलं की दोन बाजूंनी सरकत नाही. आणि ज्याला पाण्याशी खेळायचंच आहे त्याला खेळू द्या. आठ महिन्यांचं पोर आहे ते, दिवसभर घरात एकटं. आमच्याकडे सकाळी पाणी आलं की मी मोरीत उथळ घमेलं भरून नळ थेंब थेंब सोडते. तो आवाज ऐकून गोट्या कुठूनही धावत येतो, अर्धा तास थेंब पकडतो आणि मधूनमधून पितो. रात्री जेवणाआधी दहा मिनिटं दोरीशी खेळवून दमवा, मग खायला द्या. रात्री दोनचा दंगा पुष्कळ कमी होतो.

परातीचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. मांजराला साधारण एका किलोमागे ५० मि.लि. पाणी दिवसाला लागतं, म्हणजे चार किलोच्या बोक्याला २०० च्या आसपास, खाण्यातलं धरून. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के, ओल्या खाण्यात पंचाहत्तरच्या वर. मी सकाळी मोजून ३०० मि.लि. ओतते, दुसऱ्या दिवशी सटातलं आणि परातीतलं मिळून मोजते. वाफेचं थोडं सोडून देते. काटेकोर नाही, पण नेहमीपेक्षा कमी-जास्त झालं की लगेच लक्षात येतं. एकाएकी फार पाणी प्यायला लागलं तरी दाखवून आणा, किडनीचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. आणि रोज रेती काढताना ओले गोळे मोजा. गोट्याचे दोन ते तीन असतात. ज्या दिवशी एकही नाही आणि तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, त्या दिवशी फोन करू नका, थेट जा. काउंटरवर 'बोका आहे, लघवी होत नाहीये' एवढंच मोठ्यानं सांगा. कुणी सोमवारी या म्हणालं तर दुसरीकडे जा.

पाणी पोटात जावं म्हणून मी उकडलेल्या चिकनचं पाणी खाण्यावर घालते. मीठ, कांदा, लसूण काही न घालता शिजवलेलं. कांदा-लसूण मांजराला विषासारखे, चवीपुरतेही नकोत. दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात आणि पाणी उलट बाहेर जातं.

आणि सांडलेलं पाणी फिनेलच्या फडक्यानं पुसत असाल तर तेही थांबवा. बाईंना सांगून ठेवा, त्यांच्या हातात सवयीनं तीच बाटली येते. फिनेलमधलं फिनॉल मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाही. ओल्या लादीवरून चालून तो पंजे चाटतो, ते सगळं पोटात जातं. नुसत्या साध्या पाण्यानं पुसा आणि कोरडं करा. सट किंवा परात मिळाली नाही तर कळवा, माझ्याकडे जुनी परात जास्तीची आहे, मुलुंड स्टेशनला आणून देईन.